प्रॅक्टिकल शूटिंगचा पहिला क्लब सामना: पिस्तूल बॅगेतून निघून बॅगेत परत जाईपर्यंत

पहिल्या सामन्यात मी शेवटून दुसरी आले. माझ्याखाली जो होता तो दुसऱ्याच स्टेजला, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्याच टप्प्यात, बाद होऊन सामान आवरून बसला होता, म्हणजे खरं तर शेवटची मीच. तरी परतताना मी खुशीत होते. सकाळी एका जुन्या आरओनी, म्हणजे रेंज ऑफिसरनी, मला एकच गोष्ट बजावली होती: "आज घड्याळाकडे बघू नका. सगळ्या स्टेज पुऱ्या करा आणि घरी जा." तेवढं जमलं होतं.

बाकी बरंच काही जमलं नव्हतं. कुठे उभं राहायचं, पिस्तूल बॅगेतून कधी काढायचं, कोण काय ओरडतंय, पाटीवर लिहिलेले आकडे कसले, यातलं काही कळत नव्हतं, आणि नव्या माणसाला प्रश्न विचारायचीही लाज वाटते. ती लाज तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सगळं हँडगनच्या सामन्यांबद्दल आहे. रायफल आणि शॉटगनचेही असे सामने होतात, पण सुरुवात बहुतेकांची पिस्तुलानेच होते.

नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १० मीटर एअर पिस्तूलची लेन येते: एका जागी उभं राहायचं आणि ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. इथे अख्खी स्टेज वीस-पंचवीस सेकंदांत संपते. तुम्ही चालता, पळता, खिडकीतून मारता, आडोशाच्या कडेने वाकता, मध्येच मॅगझीन, म्हणजे पिस्तुलात बसणारी गोळ्यांची पेटी, बदलता. टार्गेट कुठलं आधी घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. हा खेळ चालवणारी आयपीएससी, म्हणजे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. तिचं ब्रीद लॅटिनमध्ये तीन शब्दांचं आहे, डिलिजेन्शिया, विस, सेलेरिटास: अचूकपणा, ताकद आणि वेग. हे तीन शब्द लक्षात ठेवा, कारण गुणांचं सगळं गणित त्यांच्यावरच उभं आहे.

तुमचा क्लब आयपीएससीऐवजी यूएसपीएसए किंवा आयडीपीए या दुसऱ्या संघटनांच्या नियमांनी सामने घेत असेल तर तपशील बदलतील. आयडीपीएमध्ये तर गुणांची पद्धतच निराळी, तिथे चुकांचे सेकंद तुमच्या वेळेत मिळवत जातात. मी खाली लिहिलंय ते आयपीएससीच्या पद्धतीचं. सुरक्षेचा भाग मात्र सगळीकडे जवळपास सारखाच.

१. आधी रिकाम्या हाताने जाऊन या

नाव नोंदवण्याआधी एक सामना नुसता बघा. क्लबला आधी कळवा आणि डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण लावून जा. प्रेक्षकांनाही ते लावावंच लागतं. गेलात की बाजूला उभं राहून मोबाइलवर चित्रण करत बसू नका. कुणालाही विचारा, "टेप लावायला मदत करू का?" नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दोन तास टार्गेटवरची भोकं बुजवलीत की स्टेजची रचना, आदेशांचा क्रम आणि गुण कसे पुकारतात हे आपसूक कानावर पडतं. पुस्तकातून ते महिनाभर वाचूनही बसत नाही.

२. कागदपत्रं आणि प्रशिक्षण

शस्त्राचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, त्यामुळे ही यादी आपल्या क्लबच्या सचिवाकडून पडताळून घ्या:

- शस्त्राचा परवाना किंवा क्लबचं शस्त्र वापरण्याची परवानगी
- शस्त्र आणि गोळ्या घरापासून रेंजपर्यंत नेण्याबाबत कायद्याने जे कागद लागतात ते
- क्लबच्या सदस्यत्वाचं कार्ड
- सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र
- ओळखपत्र आणि सामन्याच्या नोंदणीची पावती

प्रशिक्षणाबाबत एक सांगते. "मला पिस्तूल चालवता येतं, मग कोर्स कशाला?" असं म्हणणारे बरेच भेटतात. बाकावर टेकून नेम मारणं आणि भरलेलं पिस्तूल हातात घेऊन चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. होल्स्टरमधून, म्हणजे कंबरेच्या म्यानातून, पिस्तूल काढणं, चालताना नळीची दिशा राखणं, अडकलेली गोळी काढणं, हे कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवायलाच हवं. कोर्सला टाळाटाळ करू नका.

३. सामान: कमी घ्या, पण होल्स्टर नीट घ्या

पहिल्या सामन्यासाठी महागडी बंदूक लागत नाही. साधं, कारखान्यातून आलं तसं ९ मिलिमीटरचं पिस्तूल पुरतं. नोंदणीत "डिव्हिजन" विचारतात, म्हणजे कुठल्या गटात खेळणार. दुर्बीण-ठिपका नसलेल्या, फारसे बदल न केलेल्या पिस्तुलासाठी प्रॉडक्शन हा गट. रेड डॉट बसवलेला असेल तर प्रॉडक्शन ऑप्टिक्स. ओपन म्हणजे वाटेल ते बदल केलेली पिस्तुलं. तिथे सध्या डोकावू नका.

सोबत ठेवायचं सामान:

- ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक होल्स्टर
- जाड पट्टा आणि तीन-चार मॅगझीनचे पाउच
- निदान चार, जमलं तर पाच मॅगझीन. प्रॉडक्शनमध्ये सुरुवातीला एका मॅगझीनमध्ये १५ पेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत
- डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण
- सगळ्या स्टेज मिळून लागणाऱ्या गोळ्यांच्या दीडपट गोळ्या
- टोपी, पाणी, घट्ट पकड देणारे बूट
- नळी साफ करायची काडी, थोडं तेल आणि टेपचं एक भेंडोळं

होल्स्टर मऊ कापडाचं घेऊ नका. पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटतं. मग परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो. स्वतःच्या बोटांवर नळी फिरवल्याबद्दल बाद व्हायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. कानांसाठी परवडलं तर आवाज नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, कारण आरओचा आदेश स्पष्ट ऐकू येणं हीसुद्धा सुरक्षाच आहे.

४. घरचा सराव, गोळीविना

रेंजवर खर्च होणाऱ्या गोळ्यांपेक्षा ड्राय फायरने, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाने, मला जास्त शिकवलं. त्याची शिस्त मात्र पक्की हवी. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून दार बंद. मॅगझीन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. नळीची दिशा अशी ठेवा की गोळी सुटलीच तर कुणाला लागणार नाही. मध्ये फोन आला, दाराची बेल वाजली, तर परत आल्यावर ही सगळी तपासणी पहिल्यापासून. आणि सराव संपला की संपला. "आता शेवटचं एकदा" हे वाक्य गोळ्या जागेवर ठेवल्यानंतर उच्चारायचं नाही.

सराव तीनच गोष्टींचा करा: पिस्तूल काढून नेम धरणं, मॅगझीन बदलणं, आणि ट्रिगरवरून बोट बाहेर काढणं. तिसरी गोष्ट फालतू वाटेल. बोट ट्रिगरवर जायला शिकवावं लागत नाही, बाहेर यायला मात्र शिकवावं लागतं. मॅगझीन बदलताना, चालताना, अडकलेली गोळी काढताना बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर आणि ते आरओला दिसेल असं हवं.

५. रेंजवर पोहोचल्यावर: पिस्तुलाला हात लावू नका

गाडीतून उतरल्या उतरल्या नव्या माणसाचा हात बॅगेच्या चेनकडे जातो. थांबा. सामन्याची रेंज "कोल्ड" असते, म्हणजे आरओच्या थेट आदेशाशिवाय कुणाचंही पिस्तूल भरलेलं नसतं. रिकामं पिस्तूलसुद्धा मनाला येईल तिथे हाताळता येत नाही. त्यासाठी पाटी लावलेली खास जागा असते, तिला सेफ्टी एरिया म्हणतात. बॅग बंद ठेवून तिथे जा, मातीच्या बांधाकडे किंवा ठरवून दिलेल्या दिशेला तोंड करा, पिस्तूल काढा, रिकामं असल्याची खात्री करा आणि होल्स्टरमध्ये घाला. हवं तर दोन-चार वेळा काढ-घाल करून बघा.

आता सापळा. सेफ्टी एरियात पिस्तूल हाताळता येतं, पण गोळ्या हाताळता येत नाहीत. खऱ्या नाहीत, सरावाच्या खोट्याही नाहीत, भरलेलं मॅगझीनही नाही. बाकी सगळ्या जागी याच्या बरोब्बर उलटं: मॅगझीन खुशाल भरा, पण पिस्तुलाला हात नाही. मी हे असं पाठ केलं होतं: "जिथे पिस्तूल, तिथे गोळी नाही." कंबरेला भरलेली मॅगझीन लावून सेफ्टी एरियात गेलात तर पाउचला स्पर्शही करू नका. त्यापेक्षा आधी पिस्तूल लावून या आणि मॅगझीन नंतर भरा.

चालताना पिस्तूल होल्स्टरमधून निसटून जमिनीवर पडलं, तर उचलायचं नाही. वाकायचंही नाही. तिथेच उभं राहून आरओला हाक मारा. तो उचलेल, तपासेल, तुमच्या हवाली करेल आणि सामना पुढे चालू. तुम्ही स्वतः उचललंत तर मात्र बाद. सगळा जीव "उचल, उचल" म्हणत असताना नुसतं उभं राहणं किती अवघड असतं हे ज्याचं पडलंय त्यालाच ठाऊक.

६. आरओचे आदेश, शब्दाला शब्द

आदेश सहसा इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांतच असतात. तुमची पाळी आली, तुम्ही सुरुवातीच्या जागी उभे आहात. आता:

"लोड अँड मेक रेडी." टार्गेटच्या दिशेला तोंड करून पिस्तूल काढा, मॅगझीन घाला, स्लाइड ओढा, पिस्तूल होल्स्टरमध्ये. कागदावर लिहिलंय त्या पवित्र्यात उभे राहा. भरलेल्या पिस्तुलाने टार्गेटवर नेम धरून बघायचं नाही. या आदेशानंतर आरओला न सांगता त्या जागेवरून हलायचंही नाही.

"आर यू रेडी?" तयार असाल तर गप्प राहा किंवा मान हलवा. नसाल तर मोठ्याने "नॉट रेडी" म्हणा. इथे कुणी हसत नाही.

"स्टँडबाय." यानंतर एक ते चार सेकंदांत टायमरचा बीप. नेमकं कधी ते कळू नये म्हणूनच हा खेळ. बीपच्या आधी हात सरकला तर ती चूक.

"स्टॉप." हा शब्द कधीही, कुणाकडूनही ऐकू आला तर जागच्या जागी थिजा. बोट बाहेर, नळी बांधाकडे. कारण नंतर विचारा.

"इफ फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर." आधी मॅगझीन काढा. मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर टाका आणि स्लाइड उघडी धरून आरओला दाखवा.

"इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर." स्लाइड सोडा, नळी बांधाकडे ठेवून ट्रिगर दाबा, पिस्तूल होल्स्टरमध्ये.

"रेंज इज क्लिअर." यानंतरच बाकीचे पुढे येतात.

यातल्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर थोडं रेंगाळते, कारण माझ्या डोळ्यांदेखत माणसं बाद झाली ती इथे. स्टेज छान गेलेली असते, छाती धडधडत असते आणि माणूस मनातल्या मनात गुण मोजत असतो. हात घाईने स्लाइड ओढतात, गोळी उडून बाहेर पडते, आणि मगच मॅगझीन निघतं. दिसायला सगळं बरोबर झालं. पण स्लाइड पुढे गेली तेव्हा मॅगझीन आतच होतं, त्यामुळे दुसरी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसली. नंतर स्लाइड अर्धवटच मागे ओढून दाखवताना माणूस आरओच्या चेहऱ्याकडे बघतो, चेंबरकडे नाही. आरओ जागा असेल तर वाचवतो. नसेल तर हॅमर डाउनला बार उडतो. नळी बांधाकडे होती म्हणून कुणाला इजा होत नाही, पण सामना तिथेच संपला. म्हणून मॅगझीन आधी, स्लाइड नंतर, आणि चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी. उडालेली गोळी हवेत झेलायची स्टाइल दुसऱ्या कुणालातरी मारू द्या.

७. नळीचा काटकोन

तुमच्या नाकासमोर मातीचा बांध आहे. नळी त्या रेषेपासून डावीकडे किंवा उजवीकडे ९० अंशांच्या पलीकडे गेली की बाद. उभं असताना हे सोपं आहे. पळताना नाही.

उजव्या हाताने मारणाऱ्यांनी डावीकडे पळताना विशेष जपावं. शरीर डावीकडे वळतं, पिस्तूल छातीसमोर असतं, त्यात मॅगझीन बदलायला घेतलं की पिस्तूल डावीकडे कलतं आणि नळी मागच्या बाजूला झुकायला लागते. डावखुऱ्यांना हेच उजवीकडे पळताना. उपाय असा की पाय डावीकडे जाऊ द्या, पण पिस्तूल बांधाकडेच रोखलेलं ठेवा आणि मॅगझीन बदलताना नजर थोडी बांधावर असू द्या. पहिल्या दोन-तीन सामन्यांत तर अशा जागी पळूच नका, चाला. मी चाललेच होते. तीन सेकंद गेले असतील.

स्टेज बांधाकडे पाठ करून सुरू होत असेल तर आधी पूर्ण वळा, मग पिस्तुलाला हात घाला.

८. गुणांचं गणित

खाकी रंगाच्या पुठ्ठ्याच्या टार्गेटवर तीन विभाग असतात: ए, सी आणि डी. प्रत्येक पुठ्ठ्यावरचे सहसा सगळ्यात चांगले दोन मार धरतात. ए ला ५ गुण. पुढचे गुण तुमच्या गोळीच्या ताकदीवर ठरतात. "मायनर" असेल तर सी ला ३ आणि डी ला १, "मेजर" असेल तर ४ आणि २. ब्रीदातली ताकद ती इथे आली. प्रॉडक्शनमध्ये सगळे मायनरच धरतात, त्यामुळे तुम्हाला फार विचार करायला नको. मात्र गोळी मायनरच्या पट्टीला तरी उतरायला हवी: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार करून १००० ने भागा, उत्तर १२५ च्या खाली नको. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी जात असेल तर १३० येतात, म्हणजे निभावलं.

टार्गेटवर मार कमी पडला तर प्रत्येक "मिस"ला १० गुण वजा. पांढऱ्या किंवा वेगळ्या रंगाच्या "नो-शूट"ला लागली तर १० वजा. पाय फॉल्ट लाइनच्या, म्हणजे जमिनीवर आखलेल्या हद्दीच्या, बाहेर ठेवून मारलंत तर प्रोसिजरल, म्हणजे पद्धत चुकल्याचा दंड, तेही १० वजा. लोखंडी टार्गेट पडलंच पाहिजे, नुसता टण् आवाज येऊन भागत नाही.

मिळालेल्या गुणांना तुमच्या सेकंदांनी भागायचं. येतो तो हिट फॅक्टर. समजा आठ पुठ्ठे आहेत, १६ गोळ्या, पूर्ण गुण ८०. एकीने शांतपणे १२ ए, ३ सी आणि १ डी मारले: ६०, ९ आणि १, म्हणजे ७० गुण, वेळ २० सेकंद. हिट फॅक्टर ३.५. दुसरा वाऱ्यासारखा पळाला, १६ सेकंदांत आटपला, पण १० ए, ३ सी, १ डी आणि २ मिस. ६० मधून २० गेले, उरले ४०, भागिले १६, आले २.५. स्टेजची सगळ्यात चांगली कामगिरी पहिलीची असेल तर तिला पूर्ण ८० गुण आणि त्याला त्याच प्रमाणात ५७.

आता हेच उलटं वाचा. साडेतीनच्या हिट फॅक्टरला एक सेकंद म्हणजे साडेतीन गुण. मिस झाली की १० वजा आणि हुकलेले ५, असे १५ गुण गेले, म्हणजे सव्वाचार सेकंद. जास्तीची एक गोळी मारायला तुम्हाला एक सेकंद लागेल. बहुतेक स्टेजवर गोळ्यांवर बंधन नसतं, तेव्हा शंका आली की मारा. पण ए ऐवजी सी लागला असं वाटलं तर सोडून द्या. दोन गुण म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त, तेवढ्यात तुमची दुसरी गोळी होणार नाही. हे एवढं कळलं तेव्हा माझा खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

९. स्टेज वाचणं

सुरुवातीला स्टेजचा कागद वाचून दाखवतात आणि मग स्क्वाडला, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या नेमबाजांच्या तुकडीला, फिरून बघायला काही मिनिटं देतात. नवा माणूस या वेळात जुन्यांच्या मागे मागे फिरतो. आधी एकट्याने मोजा. कागदावर २४ गोळ्या लिहिल्यात ना? मग चालत जाऊन २४ भरेपर्यंत टार्गेट शोधा. हिशेब जुळला नाही तर कुठेतरी एक लपलेलं आहे.

माझं लपलेलं टार्गेट डाव्या कोपऱ्यातल्या पिंपामागे होतं. पुढच्या खिडकीपर्यंत गेलं की ते दिसेनासं व्हायचं. मी खिडकीकडे गेले, सगळं मारलं, अभिमानाने पिस्तूल रिकामं केलं. गुण पुकारत आरओ पिंपापाशी गेले आणि म्हणाले, "इथे काहीच नाही." दोन मिसचे २०, शिवाय त्या टार्गेटवर गोळीच न झाडल्याचा एक प्रोसिजरल, एकूण ३० वजा, आणि मिळाले असते ते १० वेगळेच. त्या स्टेजवरची माझी सगळी पुण्याई पिंपामागे गेली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. मोजून झालं की कुठून काय मारायचं ते ठरवते. मॅगझीन कुठे बदलायचं ते ठरवते, आणि ते शक्यतो एका जागेवरून दुसरीकडे जाताना. उभं राहून मॅगझीन बदलण्यात वेळ जातो, चालताना तो फुकट मिळतो. मग बाजूला जाऊन डोळे मिटते आणि पहिल्या टार्गेटपासून शेवटच्यापर्यंत मनात चालत जाते. मध्ये कुठे अडखळले तर योजना अजून पक्की नाही. हाताने पिस्तुलाचा आकार करून हवेत नेम धरणारी माणसं दिसतील. वेडी नाहीत, पाठांतर करताहेत.

जुन्याजाणत्याची योजना उचलू नका. त्याच्याकडे दोन टार्गेट चालता चालता मारायची ताकद आहे. तुम्ही थांबून मारा. आणि एकदा ठरवलेली योजना पाळी जवळ आल्यावर बदलू नका, मग कुणी कितीही शहाणपणाचं सांगो.

१०. बीपनंतर

योजनेतलं अर्धं विसरायला होतं, त्यात नवल नाही. विसरलात तर थांबा, श्वास घ्या, बघा, मारा. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण दिसल्याशिवाय ट्रिगर दाबू नका.

बार नेहमीपेक्षा मऊ वाजला, धक्का नीट बसला नाही, असं वाटलं तर थांबा आणि दुसरी गोळी मारू नका. अर्धवट ताकदीची गोळी नळीत अडकून बसलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी मारली तर पिस्तूल फुटतं. हात-डोळ्याशी खेळ आहे. तुमच्याआधी आरओला कळलं तर तो "स्टॉप" म्हणेल.

लोखंडी टार्गेटच्या जवळ जाऊ नका. ७ मीटरचं अंतर राखायचं असतं, कारण गोळीचे तुकडे मागे उडतात. स्टेज बांधणारे तशी रेषा आखतात, ती ओलांडू नका.

११. स्क्वाडचं काम

दहा-बारा जणांच्या स्क्वाडमध्ये तुम्ही स्वतः मारता तो वेळ दोन-अडीच मिनिटांचाही नसतो. उरलेला दिवस टेप लावण्यात, लोखंडी टार्गेट उभी करण्यात आणि पुंगळ्या वेचण्यात जातो. स्वतःची पाळी झाली की सावलीत बसणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. तुमच्या आधीच्या दोघांच्या पाळीला आणि स्वतःच्या पाळीनंतर लगेच सुट्टी, बाकी वेळ टेप हातात.

नियम एकच: गुण पुकारले जाईपर्यंत पुठ्ठ्याला हात लावायचा नाही. आरओ "दोन अल्फा", "अल्फा-चार्ली", "अल्फा-माइक" असं म्हणत पुढे जातो. अल्फा म्हणजे ए, चार्ली म्हणजे सी, माइक म्हणजे मिस. त्याच्या मागे राहा, पुढे नाही. घाईत टेप आधी लागली आणि गुण ठरवता आले नाहीत, तर त्या बिचाऱ्या नेमबाजाला अख्खी स्टेज पुन्हा मारावी लागते. स्वतःची टार्गेटं मोजताना आरओसोबत चाला. पुकारलेलं पटलं नाही तर त्याच क्षणी, भोक उघडं असताना शांतपणे सांगा. स्क्रीनवर सही केल्यावर काही उपयोग नाही.

१२. बाद झालातच तर

डीक्यू (डिस्क्वालिफाय), म्हणजे बाद, झालेला माणूस त्या दिवशी पुढची एकही स्टेज मारू शकत नाही. नकळत बार उडणं, पिस्तूल हातातून पडणं, नळी काटकोनाबाहेर जाणं, कुणावर नळी फिरणं, ही नेहमीची कारणं. आरओशी हुज्जत घालू नका. काय झालं ते समजून घ्या आणि उरलेल्या स्टेजना टेप लावायला थांबा. माझ्याखाली जो होता म्हणाले ना, तो थांबला होता. पुढच्या सामन्यात त्याने मला आरामात मागे टाकलं.

१३. घरी निघताना

आधी हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, मगच काही खा. बार उडताना शिशाची धूळ हातांवर, चेहऱ्यावर बसते. पुठ्ठे आणि पुंगळ्या हाताळल्यात तर ती आणखीच. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा.

दोन ओळी वहीत लिहा: कुठल्या स्टेजला काय विसरले, कुठे थांबायला हवं होतं. रात्री निकाल बघितल्यावर फक्त क्रमांक आठवतो.

आणि पिस्तूल होल्स्टरमधून बॅगेत ठेवायचं तेही सेफ्टी एरियातच. एकदा एक जण अख्खा सामना निर्दोष मारून, सगळ्यांचा निरोप घेऊन गाडीपाशी गेला आणि डिकी उघडून, गप्पा मारता मारता कंबरेचं पिस्तूल बाहेर काढलं. शेजारच्या गाडीत आरओ आपलं सामान भरत होता. निकालाच्या कागदावर त्या नेमबाजाच्या नावासमोर दुसऱ्या दिवशी तीच दोन अक्षरं होती.